ट्रेमधले आयकॉन जातात कुठे?

लिनक्सवर आयथ्री, डीडब्ल्यूएम किंवा स्वे यांच्यासारखा आटोपशीर विंडो मॅनेजर बसवला की ट्रेचा, म्हणजे मागे चालू असलेल्या प्रोग्रॅमचे छोटे आयकॉन दाखवणाऱ्या जागेचा, प्रश्न लगेच समोर येतो. चॅटची खिडकी बंद केली, प्रोग्रॅम आत चालूच आहे, पण परत उघडायला आयकॉनच नाही. विंडो मॅनेजर खिडक्या मांडतो. ट्रे ही त्याची जबाबदारी नव्हे. आयथ्रीच्या बारमध्ये, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीत, ट्रे तयार मिळतो. डीडब्ल्यूएममध्ये तो मुळात नाही, त्यामुळे पॅच (मूळ कोडमधला बदल) लावावा लागतो किंवा ट्रेयर, स्टॅलोनट्रे असा स्वतंत्र ट्रे सोबत चालवावा लागतो.

तरीही काही आयकॉन गायबच राहतात. खरी मेख अशी की आयकॉन दाखवायच्या पद्धती दोन आहेत आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

जुनी पद्धत एक्सएम्बेड. हिच्यात आयकॉन म्हणजे नुसतं चित्र नसतं, ती त्या प्रोग्रॅमची इवलीशी खिडकीच असते. ट्रे एक्स सर्व्हरकडे (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची जुनी यंत्रणा) ‘नेट सिस्टिम ट्रे एस-शून्य’ या नावाचा ताबा मागतो, तो मिळाल्याचं सगळ्यांना कळवतो, आणि मग प्रोग्रॅम आपापली खिडकी त्याच्या हवाली करतात. ताबा एका वेळी एकाकडेच. शेवटचं शून्य हा एक्सच्या स्क्रीनचा क्रमांक आहे, मॉनिटरचा नाही; दोन मॉनिटर जोडले तरी एक्सच्या लेखी स्क्रीन सहसा एकच. म्हणून दोन बार असले तरी आयकॉन एकावरच दिसतात. आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये बारचे दोन ब्लॉक असतील, तर ज्या बारवर ट्रे नको तिथे ‘ट्रे आउटपुट’ला ‘नन’ द्या. नाहीतर दोघांत ताब्यासाठी शर्यत लागते आणि आयकॉन कधी इकडे, कधी तिकडे. त्याच ‘ट्रे आउटपुट’ला ‘प्रायमरी’ (मुख्य मॉनिटर) दिलं असेल, तर एक्सरँडर या मॉनिटर मांडायच्या आदेशाने एखादा मॉनिटर प्रायमरी ठरवलेला हवा. हे हमखास राहून जातं.

नवी पद्धत स्टेटस-नोटिफायर-आयटम, म्हणजे एसएनआय. ती डी-बसवर, म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायच्या वाहिनीवर, चालते. प्रोग्रॅम फक्त आयकॉनचं नाव किंवा पिक्सेल, स्थिती आणि मेन्यूचा पत्ता कळवतो; चित्र काढायचं काम बारचं. वेलँड या एक्सच्या जागी आलेल्या यंत्रणेवर चालणाऱ्या वेबार या बारचा ट्रे याच पद्धतीचा. त्यामुळे तिथे नेटवर्कचा आयकॉन दाखवणारं एनएम-अ‍ॅप्लेट ‘इंडिकेटर’ हा पर्याय देऊनच सुरू करावं लागतं. वेबारमधली आणखी एक खोच: ज्याने आपली स्थिती ‘पॅसिव्ह’ (निष्क्रिय) कळवली आहे, तो आयकॉन ‘शो-पॅसिव्ह-आयटम्स’ चालू केल्याशिवाय दिसत नाही.

उलट आयथ्रीचा बार आणि पॉलीबार हा आणखी एक बार अजून एक्सएम्बेडवरच आहेत. पॉलीबारच्या 3.7 आवृत्तीपासून ट्रे स्वतंत्र मॉड्यूल झाला, पण पद्धत तीच. एखादा प्रोग्रॅम फक्त एसएनआय जाणत असेल तर मध्ये स्निक्सएम्बेड हा दुभाषी चालवा. उलट्या दिशेने केडीई या डेस्कटॉपचं एक्सएम्बेड-एसएनआय-प्रॉक्सी आहे.

राहिला प्रोग्रॅम सुरू होण्याचा क्रम. एसएनआयमध्ये आयकॉनांची नोंद ठेवणारा ‘वॉचर’ असतो. तो डी-बसवर यायच्या आत सुरू झालेले बरेच प्रोग्रॅम ‘ट्रे नाही’ असं गृहीत धरतात आणि नंतर पुन्हा बघतही नाहीत. ऑटोस्टार्टमध्ये ‘स्लीप 5’ (पाच सेकंद थांब) टाकणं हा जुगाड झाला. संथ मशीनवर तो फसतो. त्यापेक्षा आधी बार सुरू करा, मग जीडीबसच्या ‘वेट’ आदेशाला वॉचरचं नाव देऊन तो येईपर्यंत थांबा आणि त्यानंतर बाकीचे प्रोग्रॅम सोडा. वॉचर आलाय का, हे बस-सीटीएल या आदेशाला ‘यूजर’ पर्याय देऊन मागवलेल्या यादीत दिसतं. यादीत तो आहे, तरी आयकॉन नाही? मग तो एकच प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा चालवा. आला, तर घोळ क्रमाचाच होता.

बॅटरी, आवाज, घड्याळ यांसाठी मात्र ट्रेच्या नादी लागूच नये. बारची स्वतःची मॉड्यूल ते काम जास्त चोख करतात, आणि चॅट किंवा फाइल सिंक यांसारख्या मोजक्या प्रोग्रॅमपुरताच ट्रे सांभाळावा लागतो.