पासवर्डचा हॅश जुना झाला, आता बदलायचा कसा?

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पीजीक्रिप्टो नावाचं एक्स्टेंशन आहे, त्यातलं क्रिप्ट हे फंक्शन पासवर्ड हॅश करतं, म्हणजे परत उलगडता न येणाऱ्या अक्षरांत बदलतं. वर्षानुवर्षं त्यात हॅश करायच्या चारच पद्धती होत्या: डीईएसचे दोन प्रकार, एमडी५ आणि ब्लोफिशवाला बीक्रिप्ट. त्यातला मूळ डीईएस पासवर्डची पहिली ८च अक्षरं बघतो, म्हणजे तुम्ही २० अक्षरं निगुतीने पाठ केलीत तरी पुढची १२ फुकट! बीक्रिप्ट १९९९चा, पण अजून टिकून आहे कारण तो मुद्दाम हळू चालतो, आणि किती हळू ते आपल्या हातात असतं, त्याला दिलेला कॉस्टचा आकडा १ने वाढवला की काम दुप्पट. लॉगिन करणाऱ्याला पाव सेकंद जाणवतही नाही, पण हॅशचं टेबल चोरून कोट्यवधी अंदाज लावत बसणाऱ्याला प्रत्येक अंदाजाची तेवढीच किंमत मोजावी लागते.

२०२५मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १८ने यात एसएचए२५६क्रिप्ट आणि एसएचए५१२क्रिप्ट या आणखी दोन पद्धतींची भर घातली. यांत हॅशचं गणित पुन्हा पुन्हा केलं जातं: न सांगता ५००० फेऱ्या, हव्या तर वाढवा.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती साठवलेली स्ट्रिंग. डीईएस सोडला तर सुरुवातीलाच दोन डॉलर चिन्हांच्या मधे पद्धतीची खूण असते, १ असेल तर एमडी५, ६ असेल तर एसएचए५१२क्रिप्ट, मग सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डमध्ये मिसळलेली वेगळी अक्षरं, मग हॅश. तपासताना हीच अख्खी स्ट्रिंग क्रिप्टला द्यायची, पद्धत कोणती ते तो स्वतःच ओळखतो, त्यामुळे एकाच कॉलममध्ये जुने-नवे हॅश गुण्यागोविंदाने राहतात. जुन्याचा नवा मात्र परस्पर करता येत नाही, कारण मूळ पासवर्ड आपल्याकडे नसतोच. युजर लॉगिन करतो तेवढ्या क्षणापुरता तो हाती येतो, जुन्या हॅशशी जुळला की तिथल्या तिथे नवा बनवून ठेवायचा. जे परत फिरकतच नाहीत त्यांचे एमडी५ हॅश सरळ पुसून टाका आणि आले तर पासवर्ड रिसेट करायला लावा, असं माझं ठाम मत आहे.

पण नवं आलं म्हणून बीक्रिप्ट सोडायची घाई नको. एसएचए ग्राफिक्स कार्डवर फार वेगात पळतो, हजारो अंदाज एकाच वेळी. अशा अंदाजांना खरी वेसण घालतो २०१५ची पासवर्ड हॅशिंग स्पर्धा जिंकलेला आर्गॉन२, कारण तो प्रत्येक अंदाजाला भरपूर मेमरीही मागतो, आणि तो पीजीक्रिप्टोमध्ये अजून नाही.

आणि हो, क्रिप्ट डेटाबेसच्या आत चालतो, म्हणजे पासवर्ड तिथवर उघडाच जातो. कनेक्शनला टीएलएस, म्हणजे वाटेतला मजकूर झाकणारं कूटबद्धीकरण, लावा आणि क्वेरी लॉगमध्ये काय काय उतरतंय ते आजच उघडून बघा.