मार्गारेट मीडला दोन पोरींनी फसवलं? नाही

सोलापुरात मानववंशशास्त्र घेऊन यूपीएससीची तयारी करणारी पोरं सात रस्त्याला चहा पिताना मार्गारेट मीड या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईबद्दल हमखास सांगतात, "मीडला सामोआतल्या दोन पोरींनी आपल्या प्रेमप्रकरणांच्या थापा मारल्या आणि बाईनं त्यावर पुस्तक लिहिलं." माझ्या भाचीच्या वहीतही हेच वाक्य, लाल पेनानं अधोरेखित. वाचून जीव तुटला, कारण ते चूक आहे.

मीड १९२५ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर गेली, तेव्हा २३ वर्षांची होती. वयात येतानाची घालमेल शरीरामुळे की संस्कृतीमुळे, हा तिचा प्रश्न. तिथल्या ताऊ बेटावरच्या तीन गावांतल्या ६८ मुलींचा तिनं अभ्यास केला.

थापांची गोष्ट मानववंशशास्त्रज्ञ डेरेक फ्रीमन यांनी मांडली, तीही मीड वारल्यानंतर (ती १९७८ मध्ये गेली). त्यांचा मुख्य आधार म्हणजे त्या दोघींपैकी एक, फाआपुआआ या आजीबाईंची साक्ष, १९८७ मधली, वयाच्या ८६ व्या वर्षी दिलेली: आम्ही गंमत केली होती. पण फाआपुआआ त्या ६८ जणींत नव्हत्याच! त्या मीडच्या बरोबरीच्या वयाच्या, तिच्या मैत्रीण. पुढे अभ्यासकांनी मीडच्या मूळ नोंदी चाळल्या, तर तिची माहिती बऱ्याच जणांकडून आलेली दिसली. फसवणुकीला आधार मिळाला नाही.

मीडनं काही विधानं फारच सरसकट केली, ही टीका मात्र रास्त आहे.