‘सुई बाधली’ या संशयामागची गोष्ट

लग्नसराईत पंचवटीतला एक वरातीचा घोडेवाला सकाळी उठल्या उठल्या लीद बघतो. एक गोळा उचलायचा, अंगठ्याने फोडायचा, वास घ्यायचा, मग तोबरा चढवायचा. लीद पातळ पडली असेल तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “काल सुई कसली दिली होती?” जखमेवर किंवा खोकल्यावर टोचलेलं अँटिबायोटिक घोड्याच्या पोटाला बाधतं, असं तो म्हणतो. मी आधी हसलो होतो.

गाय-म्हशीला चालणारं औषध घोड्याला का सोसत नाही, हे आतड्यात दडलंय. गाय चारा आधी पोटाच्या कप्प्यांत आंबवते, मग पचवते. घोड्याचं उलटं. जठर लहानसं, आणि आंबवण्याचा कारभार पार मागे, उंडुक (मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी) आणि मोठ्या आतड्यात. तिथे शंभर लिटरच्या आसपास ऐवज मावतो आणि तो कामाला लावतात जंतू. कडब्यातून घोड्याला ताकद मिळते ती त्यांच्याच जिवावर. औषधाने ते मेले की मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू माजतात, त्यांचं विष आतड्याचं अस्तर सोलतं आणि अंगातलं पाणी ढाळावाटे वाहून जातं. काही तासांत जनावर खचतं. त्यातून वाचलं तरी खुरांच्या आत सूज येऊन कायमचं लंगडू शकतं.

आपल्याकडे अँटिबायोटिकचा काळ १९५० नंतरचा. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला. त्याआधी घोड्याच्या दुखण्यावर प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्राच्या परंपरेतले काढे, लेप आणि डागण्या. नव्या औषधांनी जखमा चिघळायच्या थांबल्या, तेव्हा पोटाकडे कोण बघणार?

१९६३ मध्ये अमेरिकेत घोड्यांच्या एका झटपट मारणाऱ्या हगवणीला ‘कोलायटिस एक्स’ नाव पडलं. कारण सापडेना म्हणून एक्स. १९७३ मध्ये कुक या पशुवैद्याने टेट्रासायक्लीन या अँटिबायोटिकचे उपचार आणि ताण यांचा हगवणीशी संबंध मांडला. ताणाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण प्रवास, शस्त्रक्रिया, उपास, बदललेला चारा यांच्या जोडीला औषध आलं की धोका वाढतो. वरातीच्या घोड्याच्या आयुष्यात यातलं बरंच काही एकाच आठवड्यात घडतं. टेट्रासायक्लीन टोचलं तरी त्यातलं काही पित्तावाटे आतड्यात उतरतंच, त्यामुळे ‘तोंडातून दिलंच नाही’ म्हणून सुटका नाही. पुढे लिंकोमायसीनने तर कहर केला. दुसऱ्या जनावरांसाठीचं हे औषध चुकून घोड्यांच्या खाद्यात मिसळलं गेलं, तेवढ्यानेही घोडे आजारी पडले. ते आणि त्याचं भावंड क्लिंडामायसीन आता घोड्याला वर्ज्यच.

सगळ्यात चमत्कारिक प्रकरण मात्र स्वीडनचं. छातीच्या संसर्गासाठी शिंगरांना एरिथ्रोमायसीन आणि रिफाम्पिसिन दिलं जाई. शिंगरं बरी होत, आणि ज्यांना औषधाचा थेंबही दिलेला नाही अशा त्यांच्या आया तीव्र हगवणीने आजारी पडत, काही मरतही. घोडी पिलाची लीद हुंगते, चाटते. त्यातून अगदी किंचित औषध तिच्या पोटात जात असावं, असा निष्कर्ष निघाला. आजारी घोड्यांत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल सापडला. हाच जंतू माणसांत अँटिबायोटिकनंतरच्या आतड्याच्या दाहाला कारणीभूत असल्याचं १९७८ मध्येच पुढे आलं होतं. स्वीडनचे हे निबंध १९९७-९८ चे. म्हणजे टेट्रासायक्लीनवरच्या संशयानंतर पाव शतकाने!

घोडेवाल्याचं सगळंच खरं असंही नाही. साल्मोनेला हा जंतू, एकदम वाढवलेली चंदी (दाणा) यानेही ढाळ लागतात, आणि सुईच्या भीतीने सडकी जखम तशीच ठेवणं हा वेगळा मूर्खपणा. पण सुईनंतर लीद सैल झाली तर दुसरा डोस देण्याआधी पशुवैद्याला विचारायचं, हे त्याचं बरोबर आहे. पंचवटीतला हा गडी आता औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून घेतो आणि ती तबेल्यातल्या खुंटीला, लगामाशेजारी अडकवून ठेवतो.