‘प’चा ‘ह’ झाला आणि पलाशिकेची हलशी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून नंदगडमार्गे हलशीला जाताना, शिमग्याच्या सुमारास कुठे पळस फुललेला दिसला तर गावाचं जुनं नाव आठवावं: पलाशिका. बनवासीच्या कदंब राजांची ही दुसरी राजधानी. इथे सापडलेल्या ताम्रपटांत काकुस्थवर्मा युवराज असतानाच श्रुतकीर्ती सेनापतीला जमीन इनाम देतो, तर त्याचा नातू मृगेशवर्मा वडील शांतिवर्म्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधतो. काळ पाचव्या शतकाचा.

मग पलाशिकेची हलशी कशी झाली? पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळात हा सगळा मुलूख ‘पलसिगे बारा हजार’, म्हणजे नावापुरता बारा हजार गावांचा प्रांत, म्हणून ओळखला जाई. त्यानंतर पलसिगेची हलसिगे झाली आणि घासून घासून उरली हलशी. यात कुणाची चूक नाही. साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकांत कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ हळूहळू ‘ह’ झाला. दुधाला तमिळमध्ये आजही पाल म्हणतात, कन्नडमध्ये हालु. वाघ तिकडे पुली, इकडे हुली. दहा म्हणजे पत्तु, इकडे हत्तु.

करून बघा. ‘प’ म्हणताना ओठ घट्ट मिटतात आणि अडलेली हवा एकदम सुटते. ओठ जरा ढिले ठेवले की फुंकर निघते, ओठांनी अंगच काढून घेतलं की नुसता ‘ह’ उरतो. जपानीतही हेच घडलं.

गंमत अशी की पूजा, पुस्तक हे संस्कृत शब्द कन्नडमध्ये ‘प’ सांभाळून आहेत. पोथीतल्या शब्दांना लिखाणाचा आधार असतो. गावाचं नाव बाजारहाटात रोज तोंडी. ते बदललं. मराठीत ही लाट आलीच नाही, म्हणून आपला पळस पळसच राहिला.

गावातलं भूवराह-नरसिंह मंदिर या बदलाच्या ऐन मध्यावरचं. समोरासमोर दोन गाभारे. तिथल्या शिलालेखात गोव्याचा कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याच्या कारकिर्दीतलं कलियुगाचं 4270 वर्ष आहे, म्हणजे इ.स. 1169. गोव्याचे कदंब शकाऐवजी बरेचदा कलिवर्षच मोजत.

एक शंका मात्र राहते. कन्नडमध्ये फणसाला हलसु म्हणतात, जुन्या कन्नडमध्ये पलसु. मूळ गाव फणसाचं आणि ताम्रपट लिहिणाऱ्याने त्याला संस्कृत साज चढवून पळसाचं केलं, असं तर नसेल? मी स्वतः पळसाच्या बाजूचा. पण खानापूर तालुक्यात झाडं दोन्ही आहेत, तेव्हा त्यांची साक्ष काढून काही उपयोग नाही.