दोन सीटची गाडी आणि चौतीस किलोंचा खंडू

माहीमच्या सिग्नलला गाडी थांबली की खंडूची जीभ बाहेर यायची. सिग्नल सुटला की पाच-सात मिनिटांत पुन्हा आत. हे तीन-चारदा झाल्यावर भाच्याचा, निनादचा, मला फोन आला. "मावशी, सिग्नलला याला भीती वाटते का गं?"

खंडू म्हणजे आमच्या घरातला लॅब्रॅडॉर. वजन ३४ किलो. निनादची गाडी सेकंडहँड घेतलेली, दोन सीटची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. एवढं मोठं जनावर त्या डबीत मावणार कसं, असं सगळ्यांनी त्याला विचारून झालं होतं. मावायला खंडू मावतो. डाव्या सीटवर बसला की कान टपाला घासतात, एवढंच. खरा प्रश्न जागेचा नाहीच. पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे असेल, पण मला त्या गाडीत दोनच गोष्टी दिसतात: हवेतला ओलावा आणि खंडूचं वजन.

आधी ओलाव्याचं सांगते. पावसाळ्यात कपाटाला बुरशी धरते म्हणून माझ्याकडे ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र आहे. ते निनादला दिलं आणि डॅशबोर्डवर चिकटवायला सांगितलं. गाडी चालू असताना आकडा पन्नाशीच्या आत राहायचा. सिग्नलला गाडी थांबली की भराभर वर चढायचा. तापमान मात्र तेवढ्या वेळात जेमतेम एखाद्या अंशानं हलायचं. खंडूची जीभ त्या ओलाव्याच्या आकड्याबरोबर बाहेर येत होती.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी पंजाच्या तळव्यांना असतात, त्यांनी काही शरीर थंड होत नाही. त्याचा सगळा भरवसा धापा टाकण्यावर. क्नूट श्मिट-नील्सन या प्राणिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं की धापा टाकणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकाने आत घेतो आणि तोंडावाटे सोडतो. नाकातली ओली, घड्याघड्यांची त्वचा हा त्याचा कूलर. त्या त्वचेवरून हवा एकाच दिशेने वाहते, पाणी उडतं आणि प्रत्येक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं.

त्याआधी, १९६२ मध्ये, युजीन क्रॉफर्डने आणखी सुंदर गोष्ट शोधली होती. कुत्र्याचा श्वास मिनिटाला तीस-चाळीसवरून हळूहळू वाढत जात नाही, तो एकदम तीनशेच्या वर उडी घेतो. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत ढकललं की थोड्या जोरात तो उंच जातो, तसंच हे आहे. छाती आणि फुप्फुसं मिळून एक स्प्रिंग, आणि तिची नैसर्गिक लय सेकंदाला साधारण सव्वापाच हेलकाव्यांची. कुत्रा नेमका त्याच लयीत धापा टाकतो, म्हणून स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. नाही तर धापा टाकण्यानेच अंग तापलं असतं. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की खंडूच्या छातीवर हात ठेवून, घड्याळ लावून मी ते मोजलं. दहा सेकंदांत बावन्न.

आता मुंबईचा हिशेब. कुत्र्याच्या तोंडातून बाहेर पडणारी हवा अंगाच्या उबेची आणि वाफेने जवळजवळ भरलेली असते. ३८ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४६ ग्रॅम वाफ मावते. समजा, नाशिकला मे महिन्याची दुपार आहे, ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता. त्या हवेत आधीच ९ ग्रॅम वाफ आहे, म्हणजे कुत्र्याला ३७ ग्रॅम पाणी उडवायला वाव आहे. तीच मे महिन्याची दुपार दादरला: ३३ अंश आणि ७० टक्के. इथे हवेत आधीच २५ ग्रॅम वाफ, वाव उरला २१ ग्रॅमचा. तापमान पाच अंशांनी कमी, तरी खंडूचा कूलर जवळपास निम्म्या ताकदीवर आलेला. आणि एसीतली २४ अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा? तिच्यात वाफ ११ ग्रॅम, वाव ३५ ग्रॅमचा. एसी कुत्र्याच्या अंगाला गारवा देतो त्याहून मोठं काम करतो: तो नाकात कोरडी हवा पोचवतो.

मग सिग्नलला काय होत होतं? पेट्रोल वाचावं म्हणून या गाडीचं इंजिन थांब्यावर आपोआप बंद पडतं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे तोही थांबतो. पंखा मात्र चालूच. एसीच्या आतल्या गार नळ्यांवर हवेतलं पाणी जमून ठिबकत असतं. नळ्या कोमट झाल्या की तेच पाणी पंखा पुन्हा गाडीत सोडतो. मोठ्या गाडीत हे जाणवायला वेळ लागतो. या गाडीत हवाच थोडी, त्यात शेजारी ३४ किलोंचा जीव. निवांत बसलेला असा कुत्रा पन्नास वॉटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकतो, आणि धापा टाकायला लागला की तोच वाफही सोडतो. आणखी ओलावा, आणखी धापा. निनादने डॅशबोर्डवरचं बटण दाबून इंजिन आपोआप बंद होणं थांबवलं. पेट्रोल थोडं जास्त जातं, जाऊ दे.

टप उघडून वारा खायला न्यावं, असं कुणालाही वाटेल. संध्याकाळी, सावलीतून, कमी वेगात ठीक. दुपारी उन्हात नको, आणि काचेच्या वर डोकं काढून तर कधीच नको. धुळीचा एक कण जोराने डोळ्यात गेला तरी बुबुळाला इजा होते.

उभ्या गाडीबद्दल मात्र मी कडकच बोलणार. २००५ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांनी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत मोजमाप केलं होतं. बाहेर २२ ते ३६ अंश अशा वेगवेगळ्या दिवशी तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातली. काच थोडी उघडी ठेवून काही फरक पडला नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण साडेअडतीस असतं. एकेचाळीसच्या पुढे जिवाला धोका. 'दोन मिनिटांत येतो' म्हणून दुकानात जाऊ नका. अंग तापून कुत्रा लडखडायला लागला, तर अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच डॉक्टरांकडे न्या.

दुसरी गोष्ट वजनाची. स्पोर्ट्स कारची सीट माणसाच्या बैठकीसाठी खोलगट केलेली असते. खंडूचं बूड त्या खळग्यात आणि पुढचे पाय वर, कडेवर. वळण आलं की तो उभा राहायचा, आणि तिथेच घोटाळा. उभ्या लॅब्रॅडॉरच्या डाव्या-उजव्या पायांमधलं अंतर साधारण वीस सेंटिमीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर. अंतराच्या निम्मे, म्हणजे दहा, भागिले पंचेचाळीस: गुरुत्वाच्या २२ टक्क्यांइतकी ओढ बाजूने बसली की तो कलंडणार. पंचवीस मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घेतलं तर ओढ ५० टक्के. अशी गाडी वळणावर फारशी कलत नाही, म्हणून चालवणाऱ्याला वेग जाणवत नाही. त्याच्या हातात स्टीअरिंग असतं, पाठीला सीटच्या कडा. खंडूला धरायला काही नाही. तोच पोटावर आडवा झाला की गुरुत्वमध्य पंधरा सेंटिमीटरवर येतो, पाया तीस सेंटिमीटरचा होतो आणि तो सहज टिकतो.

तेव्हा त्याला झोपता येईल अशी सीट करायला हवी होती. दादरच्या गादीवाल्याने खळग्याच्या मापाचा कडक फोम कापून दिला, वर रबरी मॅट घातली. पहिल्याच दिवशी खंडूने त्यावर एक गिरकी घेतली आणि हनुवटी पंजांवर टेकवून पडला.

तरी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, हवाच. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून दशांश सेकंदात थांबली तर ३४ किलोंचा कुत्रा जवळजवळ ४८० किलोंच्या जोराने पुढे जातो, म्हणजे सिमेंटच्या साडेनऊ गोण्या. कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा आहे. त्या वेगाला ऊर्जा अडीचपट. पट्टा छातीभर रुंद हवा, सीटबेल्टला आखूड बांधलेला. गळपट्ट्याला कधीही बांधू नये, सगळा जोर मानेवर येतो. बाजारातल्या प्रत्येक हार्नेसवर भरवसा ठेवण्यासारखी स्थिती नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सेंटर फॉर पेट सेफ्टीने कुत्र्यांचे पुतळे वापरून आदळण्याच्या चाचण्या केल्या, तेव्हा बहुतेक पट्टे कमी पडले. चाचणी झालेलाच घ्या.

दोन सीटच्या गाडीत मागे बसवायची सोय नाही आणि डिकीचा विचारही करू नका. त्यामुळे एअरबॅगचं नीट बघावं लागतं. ती काही मिलिसेकंदांत फुगते आणि माणसाच्या छातीचा अंदाज धरून बेतलेली असते. कुत्र्याचं तोंड तिच्या फार जवळ येतं. निनादच्या गाडीत डावी एअरबॅग किल्लीने बंद करता येते. सीट शेवटपर्यंत मागे, किल्ली फिरवायची, बंद असल्याचा दिवा लागलाय हे बघायचं, मगच निघायचं. माणूस बसला की आठवणीने पुन्हा चालू. खंडूला मांडीवर घेणं हा पर्याय नाहीच. चालकाला अडथळा होईल असं कुणालाही बसवू नये, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२५ सांगतं.

या शनिवारी दोघं लोणावळ्याला निघालेत. पहाटे पाचला, कळंबोलीची गर्दी व्हायच्या आत. खंडूचं जेवण आदल्या रात्री आठला उरकायचं, कारण वळणांवर त्याला मळमळतं आणि भरल्या पोटी ते वाढतं. घाटात निनादने वेग किती ठेवायचा, ते मी कागदावर लिहून दिलंय. ओलाव्याचं यंत्र परत मागितलेलं नाही.