आवाज नीट असला तरी घशात दुर्बीण कशाला?

थायरॉईडचं ऑपरेशन झालं, पेशंट नीट बोलतोय, तरी ईएनटीवाले नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू हलतायत का ते बघतात. नातेवाईक वैतागतात, पण यामागचा इतिहास मोठा आहे.

स्वरतंतू हलवणारी नस (म्हणजे मज्जातंतू) थायरॉईडला अगदी चिकटून जाते, ऑपरेशनमध्ये तिला इजा होऊ शकते. मानेतली ही नस कापली की ओरडणारं डुक्कर एकदम गप्प होतं हे रोमन काळातला वैद्य गॅलनने दुसऱ्या शतकातच दाखवलं होतं. म्हणजे नस माहीत होती, पण जिवंत माणसाच्या घशात आत काय चाललंय हे दिसणार कसं? ती सोय केली गाण्याच्या मास्तरने! मॅन्युएल गार्सिया, १८५४. लांब दांडीचा दातांच्या डॉक्टरचा आरसा घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू उघडमीट करताना बघितले, पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत मांडलंही. मग चेरमाक या शरीरशास्त्रज्ञाने दिव्याचा उजेड वापरला आणि उन्हाची गरज संपली.

पुढच्या काही दशकांत व्हिएन्नात बिलरोथ आणि बर्नमध्ये कोखर हे सर्जन गलगंडाची (वाढलेल्या थायरॉईडची) ऑपरेशनं करत होते. कोखरने मृत्यू खूपच कमी केले (१९०९चं नोबेल त्याच थायरॉईडच्या कामाला), आणि पेशंट जगायला लागल्यावरच आवाजाकडे नीट लक्ष गेलं. तरी नसेच्या वाटेला जाऊच नका असंच बरेच सर्जन मानायचे, १९३८ला अमेरिकेत लाही या सर्जनने उलटं सांगितलं की नस आधी शोधा, डोळ्यांनी बघा, मग जपा.

आरशाने उमासे यायचे, पेशंट जीभ बाहेर काढून फक्त 'ई' म्हणणार. १९६८ला जपानमध्ये सावाशिमा आणि हिरोसेंनी नाकातून जाणारी लवचिक फायबरची दुर्बीण आणली, त्यामुळे माणूस बोलत असताना बघता यायला लागलं.

आता मूळ प्रश्न. एका बाजूची नस गेली तरी दुसऱ्या बाजूची कॉर्ड (म्हणजे स्वरतंतू) मधली रेषा ओलांडून लुळ्या कॉर्डला भिडते आणि आवाज बरा वाटतो, उलट भूल देतानाच्या नळीच्या सुजेने नस शाबूत असून आवाज बसतो. म्हणजे नुसत्या कानावर भरवसा नाही. तरी अमेरिकन ईएनटी अकादमीची २०१३ची गाइडलाइन म्हणते की दोन आठवडे ते दोन महिने या काळात आवाज तपासा, बदल असेल तर कॉर्ड बघा, आणि जर्मनीत मात्र ऑपरेशनच्या आधी आणि नंतर सगळ्यांचीच बघा असा सल्ला आहे. मला जर्मन पद्धत पटते, कारण आधी काय होतं तेच माहीत नसेल तर नंतरचं कशाशी ताडून बघणार?

हल्ली मानेवरून सोनोग्राफीनेही कॉर्ड बघतात, नाकात काही घालायला नको, पण वयस्कर पुरुषांत कंठाची कूर्चा कडक झालेली असते आणि कॉर्ड नीट दिसत नाहीत, तिथे परत दुर्बीणच.