दाढी, गॉगल आणि ठाण्याचा पुढारी

कॅरिकेचरला मराठीत 'अर्कचित्र' हा फार नेमका शब्द आहे. माणूस आटवायचा आणि तळाशी जे उरेल ते कागदावर काढायचं. नुसतं नाक लांबवून भागत नाही, त्या नाकातून स्वभाव दिसावा लागतो.

या धंद्याशी ठाण्याचं नातं जुनं आहे. लंडनचं 'पंच' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक १८४१चं. त्याच्या नावावरून आपल्याकडे बरेच 'पंच' निघाले. त्यातला मराठी 'हिंदू पंच' १८७०च्या दशकात निघाला तो मुंबई-पुण्यातून नव्हे, ठाण्यातून. पुढाऱ्यांची टवाळी तेव्हाही स्वस्त नव्हती. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या मवाळ माणसानेही १९०९ साली या पत्रावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला होता.

पुढचा टप्पा बाळासाहेब ठाकऱ्यांच्या 'मार्मिक' या व्यंगचित्र साप्ताहिकाचा. १३ ऑगस्ट १९६० रोजी यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते त्याचं प्रकाशन झालं आणि पुढे त्याच साप्ताहिकाच्या पानांवरून त्यांचीही खिल्ली उडाली. बाळासाहेब ठाकऱ्यांचा ब्रश जाड सुरू व्हायचा आणि हनुवटीशी येईपर्यंत बारीक होत जायचा. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि १९६७ला पहिली सत्ता मिळाली ती ठाणे नगरपालिकेत. व्यंगचित्रकाराच्या पक्षाचे पुढारी स्वतःच अर्कचित्राचं गिऱ्हाईक व्हायला लागले, त्याची सुरुवात इथलीच म्हणायला हरकत नाही.

ठाण्याचं खास लक्षण म्हणजे दाढी. शिवसेनेच्या आनंद दिघ्यांची दाढी आणि कपाळावरचा टिळा एवढं काढलं की खाली नाव लिहायची गरज नसे. तीच दाढी एकनाथ शिंद्यांकडे आली. ते पूर्वी रिक्षा चालवायचे, म्हणून २०२२ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर जोडीला रिक्षाही आली. विरोधकांनी रिक्षावरून हिणवलं, तेव्हा 'रिक्षाने मर्सिडीजला मागे टाकलं' असं शिंदेच म्हणाले. टोमणा स्वतःच मिरवायला घेतला की चित्रकाराची पंचाईत होते.

साध्या नगरसेवकाचं मात्र अर्कचित्र होतच नाही. त्याचा चेहरा प्रभागाबाहेर कोण ओळखणार? म्हणून वर्षानुवर्षं एकच पुतळा वापरला जातो: पूर्वी गांधी टोपी आणि जाकीट, आता कडक पांढरा शर्ट, गॉगल, गळ्यात जाडजूड साखळी, पायाशी खड्डा नाहीतर टँकर. खरं सांगायचं तर हा आळस आहे. टेंभी नाक्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळे सारखेच गोरे-गुळगुळीत दिसतात, आणि वर्तमानपत्रात सगळे सारखेच पोटवाले.

त्यातून एक मोठा बदल निसटलाय. २०११ च्या कायद्याने राज्यातल्या पालिकांत निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. ठाणे महापालिकेत २०१२ पासूनच्या निवडणुकांत निम्म्याहून कमी बायका कधी निवडून आल्याच नाहीत. चित्रातल्या नगरसेवकाला मात्र अजून मिशीच आहे.